कामगारांचे वकीलपत्र

ठाणे शहरातील टेंभी नाका हे नाव नवरात्रातील देवीच्या उत्सवामुळे महाराष्ट्रात सर्वदूर परिचित झाले आहे. उत्सवाचे दिवस सरले म्हणजे मात्र या नाक्यावरून जाणारी माणसे निराळ्याच कामासाठी निघालेली असतात. जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय दीर्घकाळ याच परिसरात होते आणि जिल्हा न्यायालय येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. हातावर पट्टी बांधलेला मनुष्य आणि काखेत कागदांचे पुडके घेतलेला मनुष्य, असे दोघेही या रस्त्याने जात असत. आणि कित्येकदा तो एकच मनुष्य असे.

ठाणे हे कारखान्यांचे शहर झाले, त्यात याचे कारण आहे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि महामंडळाच्या औद्योगिक वसाहतींत ठाण्याच्या वागळे इस्टेटीला पहिले स्थान मिळाले. पुढे डोंबिवली, अंबरनाथ, बेलापूर अशी कारखान्यांची रांगच उभी राहिली. या कारखान्यांतील पॉवर प्रेस पत्र्याला क्षणार्धात आकार देतो. हात मागे घेण्यास तेवढाच क्षण उशीर झाला, तर पत्र्याबरोबर बोटेही जातात.

बोटे गमावलेल्या कामगाराचे दुःख वेदनेपुरते नसते. वेदना काही आठवड्यांत ओसरते. नंतर घरभाडे, वाण्याची उधारी आणि मुलांची शाळा ही सारी दाराशी येऊन उभी राहतात. ज्या हाताच्या कौशल्यावर घर चालत होते, तो हात आता पूर्वीचा राहिलेला नसतो. मालक म्हणतो, चूक कामगाराचीच होती. कंत्राटदार म्हणतो, हा मनुष्य माझ्या हजेरीपटावर नाही. बोलावे कोठे आणि कसे, हेच त्या बिचाऱ्याला उमगत नाही. अशा वेळी त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. न्यायालयात तसे बोलण्याचा अधिकार ज्या कागदाने वकिलाला मिळतो, त्याला वकीलपत्र असे म्हणतात.

वकिली हा चरितार्थाचा व्यवसाय आहे व तो तसा असण्यात काही गैर नाही. जखमी कामगाराच्या दाव्यात मात्र फी थोडी, काम किचकट आणि विलंब मोठा असतो. प्रतिपक्षाकडे बहुधा विमा कंपनीचा मुरलेला वकील असतो. तरीही अशीच वकीलपत्रे जन्मभर स्वीकारणारे वकील औद्योगिक शहरांतून आढळतात. त्यांना ही प्रेरणा कोठून मिळते? या प्रश्नाचा शोध घेताना प्रथम ठाण्याच्याच एका सुपुत्राकडे वळावे लागते. मौज अशी, की त्याच्यापाशी वकिलीची सनद मुळीच नव्हती.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. ते पाच वर्षांचे असताना, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि यंत्रयुगाचे पाऊल त्यांच्या गावात पडले. ठाण्यात शिक्षण झाल्यावर त्यांनी प्रथम रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केली आणि नंतर मुंबईच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपरची जागा पत्करली. गिरणीतील ही जागा मोठी बोधप्रद म्हटली पाहिजे. यंत्राचा पट्टा तुटला, की कोठीतून नवा पट्टा निघतो. त्याची नोंद वहीत होते आणि त्याची किंमत गिरणीच्या खर्चात पडते. त्याच यंत्रात एखाद्या मजुराचा हात सापडला, तर त्याची नोंद त्या वहीत कोठेच होत नसे. दुसऱ्या दिवशी नवा मजूर त्या यंत्रापाशी उभा राही.

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते. १८८० पासून त्यांनी मुंबईतून 'दीनबंधु' पत्र चालविले. १८८४ साली गिरणीकामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने एक समिती नेमली. गिरणीमालकांची बाजू मांडण्यास माणसे होती. मजुरांची बाजू मांडण्यास कोणी नव्हते. लोखंडे यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात गिरणगावात मजुरांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० मजुरांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्यात रविवारची सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम असावे, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा, अशा मागण्या त्यात होत्या. यांशिवाय आणखी एक मागणी होती. काम करताना मजुरास गंभीर इजा झाली, तर बरा होईपर्यंत त्यास पूर्ण वेतन मिळावे. आणि तो कायमचा जायबंदी झाला, तर त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी.

आज ही मागणी अगदी साधी वाटते. परंतु त्या काळच्या कायद्याची दृष्टी ध्यानात घेतली, म्हणजे तिचे धारिष्ट कळते. त्या कायद्याप्रमाणे जखमी मनुष्याने मालकाचा निष्काळजीपणा आधी सिद्ध करावयाचा असे. त्यावर मालकाची उत्तरे तयार असत: धोका ठाऊक असूनच हा कामावर आला, किंवा, चूक माझी नसून याच्याच सोबत्याची होती. निरक्षर मजुराने हा वाद कोठे घालावा? चूक कोणाची हा प्रश्न लोखंडे यांनी बाजूस ठेवला. गिरणीच्या कामात अंग मोडले ना, मग त्याचा खर्च गिरणीने सोसावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तुटलेल्या पट्ट्याचा खर्च गिरणी सोसतेच की!

पुढे २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. जखमींच्या भरपाईची मागणी मात्र तशीच राहिली. १८९७ साली मुंबईत प्लेगची साथ पसरली असता रुग्णांची सेवा करतानाच लोखंडे यांना मृत्यू आला. त्यांच्या त्या मागणीला कायद्याचे रूप येण्यास १८८४ पासून चाळीस वर्षे लागली.

या मधल्या काळात, सातासमुद्रापलीकडे दक्षिण आफ्रिकेत, सनद असलेल्या एका तरुण वकिलाच्या कचेरीत असाच एक प्रसंग घडला. मोहनदास करमचंद गांधी यांना १८९४ साली नाताळ वसाहतीत वकिलीची सनद मिळून काही महिनेच झाले होते. एके दिवशी बालसुंदरम् नावाचा एक तमिळ गिरमिटिया मजूर दरबान येथील त्यांच्या कचेरीत आला. अंगावरचे कपडे फाटलेले, पुढचे दोन दात तुटलेले, तोंडातून रक्त येत असलेले, आणि डोक्याचा फेटा हातात. त्याच्या गोऱ्या मालकाने त्याला बेदम मारले होते. गिरमिटात बांधलेला मजूर मालकाला सोडून गेला, तर तो फौजदारी गुन्हा ठरे. म्हणजे मार खाऊन पळाला तरी अपराधी तोच!

गांधीजींनी प्रथम त्याला डॉक्टरकडे पाठविले आणि इजेचा दाखला घेतला. तो दाखला व खुद्द जखमी मनुष्य यांना घेऊन ते मॅजिस्ट्रेटकडे गेले. मालकाला शिक्षा व्हावी असा त्यांचा आग्रह नव्हता. बालसुंदरम् याची त्या मालकाच्या हातून सुटका व्हावी, एवढाच त्यांचा हेतू होता. मालकाने गिरमिट दुसऱ्याच्या नावे करून देण्याचे कबूल केले आणि गांधीजींनी नवा मालक शोधून दिला. आत्मचरित्रात त्यांनी या हकिकतीबरोबर त्या फेट्याचीही हकिकत सांगितली आहे. गोऱ्या माणसापुढे जाताना डोक्याचे पागोटे काढून हातात धरण्याची सक्तीच जणू मजुरांवर झाली होती, म्हणून बालसुंदरम् त्यांच्यापुढेही तसाच आला. गांधीजींनी त्याला फेटा बांधावयास सांगितले. तो संकोचत बांधू लागला, तेव्हा त्याच्या मुद्रेवर उमटलेला आनंद त्यांच्या ध्यानात राहिला. कज्जाच्या कागदांत फेट्याला काही स्थान नसते. तरीही जखमी मनुष्य आपल्या अशिलाच्या नात्याने समोर बसला आहे, आश्रिताच्या नात्याने नव्हे, हे त्या एका गोष्टीने त्याला कळले. पुढे गिरमिटिया मजुरांची रीघ त्या कचेरीकडे लागली, यात नवल नाही.

हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मध्यवर्ती विधिमंडळात त्या काळी ना. म. जोशी हे कामगारांच्या बाजूने बोलत. रकमा प्रारंभी तुटपुंज्या होत्या. मृत्यू झाल्यास तीस महिन्यांचे वेतन, परंतु २,५०० रुपयांहून अधिक नाही; कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचे वेतन, तेही ३,५०० रुपयांच्या आत. रक्कम लहान असली तरी तत्त्व मोठे होते. काम करीत असताना व कामाच्या कारणाने अपघात झाला, एवढे सिद्ध झाले की भरपाई देणे मालकाचे कर्तव्य ठरले. लोखंडे यांनी मागितले होते ते हेच.

या कायद्याची काही कलमे ज्याने लिहिली, त्याला गरिबाचे घर चांगले ठाऊक असले पाहिजे. मृत कामगाराची भरपाई मालकाने परस्पर वारसांच्या हाती ठेवून चालत नसे. ती आयुक्तांकडे जमा करावी लागे. शोकात बुडालेल्या विधवेच्या हातावर शेदोनशे रुपये ठेवून 'सर्व पावले' अशा कागदावर तिचा अंगठा घेण्याची वाट त्यामुळे बंद झाली. भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा करार कामगाराने केला असला, तरी तो करार रद्दबातल समजला जाई. भरपाईच्या रकमेवर सावकाराची जप्ती येत नसे. कंत्राटदारामार्फत लावलेल्या मजुराला इजा झाली, तर ज्याचे काम चालले आहे त्या मूळ मालकासही जबाबदारी टाळता येत नसे. कारखान्यांच्या शहरात हे शेवटचे कलम किती उपयोगी, ते ठाण्याच्या वकिलांना सांगावयास नको.

तथापि कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि त्याचे फळ पदरात पडणे वेगळे. अपघात घडला त्या दिवशी हा मनुष्य कामावर होता, हे कशावरून? वेतन किती होते? वय काय? अपंगत्व शेकडा किती? यांतील एकेक उत्तरावर रक्कम अवलंबून असते. १९२३ च्या कायद्याच्या अखेरच्या काळातील एक उदाहरण घ्या. महिना १५,००० रुपये मिळविणाऱ्या पंचवीस वर्षांच्या कामगाराचा अंगठा गेला, तर कोष्टकाप्रमाणे कमाईची हानी शेकडा ३० धरली जाई. वेतनाचे शेकडा ६० म्हणजे ९,००० रुपये. त्यास त्या वयाच्या २१६.९१ या अंकाने गुणावयाचे. आलेल्या १९,५२,१९० रुपयांचे शेकडा ३० म्हणजे ५,८५,६५७ रुपये. वेतनाची पावती नसली आणि मालकाने निम्मेच वेतन सांगितले, तर रक्कमही निम्मी होते. म्हणून हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, रुग्णालयाचा कागद, सोबत्याची साक्ष, हे सारे एकेक करून गोळा करणे हा अशा वकिलाच्या कामाचा मोठा भाग असतो. त्यात वक्तृत्वाला फारसा वाव नाही.

कायदा अमलात येण्याच्या आदल्या वर्षी, १९२३ साली, विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतलेल्या डॉ. भीमराव आंबेडकर यांनी मुंबईत वकिलीस आरंभ केला. सनदेसाठी लागणारे पैसेही त्यांना मित्राकडून घ्यावे लागले होते. त्यांचे बिऱ्हाड परळच्या बी. आय. टी. चाळीत होते आणि परळच्याच दामोदर हॉलमध्ये त्यांची कचेरी असे. सभोवार सारी गिरणीकामगारांची वस्ती. उच्च न्यायालयात बडे अशील त्यांच्याकडे सहजी येत नसत. अस्पृश्यतेची भिंत तेथेही उभी होती. परळच्या कचेरीत मात्र गोरगरिबांची गर्दी होई आणि पुष्कळदा ते त्यांच्याकडून फी घेत नसत. स्वतःच्या चरितार्थासाठी ते एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत. हा तपशील विसरता कामा नये, कारण गरिबांचे काम फुकट करणाऱ्यालाही आपली चूल पेटवावी लागतेच.

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात स्त्रीकामगारांना प्रसूतिकाळी साहाय्य देण्याचे विधेयक आले, तेव्हा स्त्रीच्या श्रमाचा लाभ जो मालक घेतो त्याने तिच्या अडचणीच्या काळाचा भार काही अंशी तरी उचलणे न्याय्य आहे, अशी बाजू त्यांनी मांडली. ठाण्याच्या लोखंड्यांनी गिरणीच्या जखमींसाठी केलेला युक्तिवाद याहून निराळा नव्हता. जुलै १९४२ ते १९४६ या काळात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडील कोळशाच्या खाणींत स्वतः उतरले आणि खाणीत काम कसे चालते ते त्यांनी पाहिले. त्यांच्याच कारकीर्दीत, १९४४ साली, कामगारांच्या आजारपणाच्या विम्याविषयी प्राध्यापक आदारकर यांचा अहवाल तयार झाला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. या योजनेत जो कामगार येतो, त्याला इजा झाल्यास उपचार व पैसा विमा महामंडळाकडून मिळतो. ज्या कारखान्यांना व कामगारांना ही योजना लागू नाही, तेथे मालकाची भरपाई हाच आधार उरतो.

कायद्याच्या शब्दांचा अर्थ लावण्याचे काम पुढील वकिलांना करावे लागले, आणि तेथे त्यांच्या चिकाटीची कसोटी लागली. मुंबईच्या बेस्ट उपक्रमातील एका बसचालकाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. २० जुलै १९५७ रोजी सायंकाळी जोगेश्वरीच्या आगारात काम संपवून तो सांताक्रूझला घरी जाण्यासाठी उपक्रमाच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. ती बस रस्त्यात उभ्या असलेल्या मालमोटारीवर आदळली. चालकाला जबर दुखापत झाली आणि काही दिवसांनी त्याचा अंत झाला. त्याच्या विधवेने भरपाई मागितली. काम संपल्यावर अपघात झाला, तो कामाच्या ओघात झाला असे म्हणता येत नाही, या कारणाने आयुक्तांनी अर्ज फेटाळला. वरवर पाहता हे बरोबर वाटते. परंतु विधवेच्या बाजूने उच्च न्यायालयात निराळा मुद्दा पुढे आला. गणवेशातील चालकांना बसमधून विनामूल्य प्रवास करू देण्याचा नियम उपक्रमाने कशासाठी केला? मुंबईसारख्या पसरलेल्या शहरात चालक वेळेवर आगारात यावेत आणि फार न थकता घरी पोहोचावेत, म्हणजे बससेवा सुरळीत चालेल, यासाठीच ना? मग तो प्रवास नोकरीचाच एक भाग झाला. उच्च न्यायालयाने विधवेच्या बाजूने निकाल दिला. उपक्रम सर्वोच्च न्यायालयात गेला. तेथेही १९६३ साली बहुमताने तोच निकाल कायम झाला. अपघातापासून सहा वर्षे लोटली होती. तीन न्यायासनांपुढे चाललेल्या या वादाने एका घराला भरपाई मिळालीच. शिवाय कामावरून परतणाऱ्या असंख्य कामगारांसाठी वाट मोकळी झाली.

दुसरे प्रकरण ओरिसातील एका सुताराचे. चित्रपटगृहाच्या सजावटीचे काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. कोष्टकाप्रमाणे ही हानी शंभर टक्क्यांहून कमी होती, तेव्हा भरपाईही कमीच द्यावी, असे मालकाचे म्हणणे होते. परंतु एका हाताने रंधा कसा मारावयाचा? एकाच हाताचा सुतार सुतारकामास पूर्णपणे निकामी झाला, म्हणून त्याची हानी संपूर्ण समजली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ठरविले. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात स्पष्ट झाले. हात मोजावयाचा की त्या हाताने होणारी कमाई मोजावयाची, हा भेद दाखवून देण्यास वकिलाने अशिलाचा धंदा जाणून घेतलेला असावा लागतो.

१९२३ च्या कायद्याने शंभराहून अधिक वर्षे काम दिले. संसदेने २०२० साली केलेली सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि जुन्या कायद्याची जागा तिने घेतली. मालकाच्या दायित्वाची मूळ तत्त्वे मात्र तिनेही राखली आहेत. अपघात काही थांबलेले नाहीत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. त्यांत कामगार मृत्युमुखी पडले आणि कित्येक जखमी झाले.

वकिलाची फी देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी न्यायाला मुकू नये, हे तत्त्व १९७६ च्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३९-अ या अनुच्छेदाने आले. त्यास अनुसरून १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला आणि तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक आपत्तीत सापडलेले लोक यांना या कायद्यान्वये उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो. ठाण्यातही असे जिल्हा प्राधिकरण आहे. ज्याला लिहिता येत नाही, त्याने आपली हकिकत तोंडी सांगावी. ती तेथे लिहून घेतली जाते आणि तिच्यावरून वकील नेमला जातो.